ऐनाला चेहरा लागत नाही

ऑक्टोबर महिन्यात जगभरचे हौशी आणि व्यावसायिक चित्रकार रोज एक शाईचं चित्र काढतात आणि ते इंटरनेटवर सगळ्यांपुढे ठेवतात. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 साली स्वतःच्या हाताला वळण लागावं म्हणून हा नेम धरला, त्याला इंक्टोबर असं नाव दिलं, आणि पुढे प्रत्येक दिवसासाठी एकेका शब्दाची यादीही निघू लागली. मागोमाग जलपऱ्यांचा महिना आला, लोककथांचा आठवडा आला. यातल्या कुठल्याही आव्हानात एक पात्र हमखास भेटतं. त्याला मी झाडजीव म्हणतो: रागावलेलं, रडवेलं, खोडकर, म्हातारं, माणसासारखं वागणारं झाड. ते कसं दिसतं हे बहुतेकांना न सांगता माहीत असतं. पानं झडलेली, खोड पिळवटलेलं, दोन ढोल्यांचे डोळे, खाली साल फाटून झालेलं तोंड, फांद्यांच्या टोकांना नखं. हे झाड कुठल्या जातीचं, कुठल्या मातीतलं, हे कोणी विचारत नाही, कारण ते कुठलंच नसतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली झाडं समोर ठेवून हेच काम करत आल्यावर माझं मत याच्या उलट झालं आहे. झाडजीवाचा भाव त्याच्या बांध्यात असतो, आणि बांधा म्हणजे त्या झाडावर आजवर काय गुजरलं त्याचा हिशेब. तो हिशेब वाचता आला तर चेहरा काढायची गरज क्वचितच उरते. वाचता आला नाही तर कितीही डोळे काढा, खाली नुसता खांब राहतो.

हे ठरावीक झाड आलं कुठून, ते बघायला हवं. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकमने 1906 साली ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’साठी लंडनच्या त्या बागेतली झाडं अशी काढली की मुळांची बोटं झाली आणि फांद्यांचे हात. डिस्नेच्या 1932 सालच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या रंगीत कार्टूनपटात झाडं प्रेमात पडली, भांडली, 1937 साली ‘स्नो व्हाइट’मधल्या रानाने पळणाऱ्या मुलीचे कपडे ओढले, 1939 साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधली सफरचंदाची झाडं वाटसरूंना सफरचंदं फेकून मारू लागली. ही सगळी कामं मला आवडतात, आणि रॅकमची रेघ तर आजही डोळे शिकवते. पण त्याच्या झाडांत जीव आला तो बघण्यामुळे, आणि बघितलेलं झाड तिथलं होतं. तिथे ऑक्टोबर हा पानगळीचा महिना. झाड उघडं पडतं, हाडं दिसू लागतात, पुढे थंडी आणि काळोख असतो. त्यामुळे उघडं झाड म्हणजे भय, म्हातारपण, मरण ही सांगड तिथल्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही. नंतरच्या नकलांनी बघणं सोडलं आणि ती सांगड तेवढी उचलली.

कर्जतच्या ऑक्टोबरात यातलं काहीच घडत नसतं. खाचरांत भात पिकून वाकलेलं असतं, हळव्या भाताची कापणी सुरू असते, दसऱ्याला आपट्याची पानं लुटून झालेली असतात आणि डोंगर अजून हिरवे असतात. झाडं उघडी पडतात ती पुढे, उन्हं तापू लागल्यावर. आणि उघडी पडतात तेव्हा काय करतात? सावरीला आडव्या फांद्यांच्या मजल्यांवर मांसल लाल फुलं येतात, पांगारा पेटतो, पळस फुलतो, आणि एकाच झाडावर बुलबुल, मैना, कोतवाल यांची झुंबड उडते. म्हणजे पान नसलेलं झाड इथे वर्षातलं सगळ्यांत गजबजलेलं झाड असतं. ते दुःखी दाखवायचं तर आधी डोळे मिटून घ्यावे लागतील. चित्रकलेतल्या खुणा सगळीकडे सारख्याच चालतात असं मानणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चात खोपोलीकडून कर्जतकडे येताना रस्त्याच्या कडेची एखादी सावर बघावी. तरुण सावरीच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, झाड मोठं होताना ते बोथट होतात, झडतात. चिडखोर तारुण्य आणि निवांत म्हातारपण दाखवायचं असेल तर झाडाने स्वतःच दोन्ही टोकं दिलेली आहेत. भुवया वाकड्या काढायचं काम उरत नाही.

पण माझा खरा पुरावा ऐन. या पट्ट्यात बांधांवर आणि माळांवर उभा असलेला ऐन ज्याने बघितलाय त्याला माहीत असेल की तो पुस्तकातल्या ऐनासारखा क्वचितच दिसतो. खोड सरळसोट, साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली, आणि बाजूच्या फांद्यांच्या जागी ठिकठिकाणी गाठाळ मुठी. त्या मुठींतून कोवळ्या फुटव्यांचे झुपके आलेले. हा आकार राबाने घडवलेला आहे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत पसरून वर माती टाकायची आणि पाऊस लागायच्या आत ते भाजायचं. तणाचं बी मरतं, राख रोपाला मिळते. त्या टहाळासाठी ऐन, किंजळ यांच्या फांद्या हिवाळ्यात कोयत्याने उतरवायच्या, आणि झाडाने पुन्हा फुटायचं. पिढ्यान्पिढ्या हे चालत आल्यावर झाडाच्या अंगावर त्याची वहिवाट उमटते. ही वहिवाट एकदा सरकारदरबारीही गेली होती. 1880च्या दशकात मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगाने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाविषयीच्या तक्रारी ऐकल्या, 1887 साली अहवाल दिला, आणि त्यात राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा वादाचा मोठा मुद्दा होता. (कुलाबा म्हणजे आजचा रायगड, जिल्ह्याचं नाव 1981 साली बदललं.) जंगल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना छाटलेल्या झाडांत नासधूस दिसत होती, कसणाऱ्यांना त्यातच पुढचं भात दिसत होतं. झाड तेच.

झाडजीव काढणाऱ्यासाठी ही गोष्ट फार कामाची आहे. छाटलेला ऐन पहिल्यांदा बघणारा चित्रकार त्याला जखमी, हात तोडलेला, आक्रोश करणारा काढतो. मला तो वाचनाचा दोष वाटतो. ज्या झाडाने दरवर्षी दिलं आणि दरवर्षी फुटून दाखवलं, त्याचा बांधा आक्रोशाचा नाही. खोड ताठ आहे, भार खाली आहे, मुठी बंद आहेत तरी त्यातून पालवी बाहेर पडते आहे. यात जो भाव आहे तो ओझं उतरवून पुन्हा उचलायला तयार असलेल्या माणसाचा आहे, थोडा चिवट, थोडा कंटाळलेलासुद्धा. तो आणायला शाईत काय करावं लागतं? खोडाची रेघ न थरथरता एका दमात खाली आणायची, बुंध्याशी जाड करायची. मुठींपाशी ब्रशपेन उलटं फिरवून गाठी दाबून काढायच्या. फुटव्यांना मात्र निब वापरायची, बारीक, वर उचललेली. डोळे कुठेच नाहीत. आणि ज्यांनी राब भाजलेला आहे असे लोक अशा चित्राकडे बघून झाडाची जात आधी सांगतात आणि स्वभाव मागून. हा क्रम मला बरोबर वाटतो.

झाडाचा आकार वाचता येतो हे नुसतं चित्रकाराचं म्हणणं नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस मात्थेक यांनी झाडांच्या देहबोलीवर पुस्तक लिहिलं आहे आणि त्यातला शब्द अलंकार म्हणून आलेला नाही: झाड जिथे जास्त ताण सोसतं तिथे जास्त लाकूड घालतं, म्हणून फुगवटे, कडा, आधारमुळं बघून त्याच्यावर कुठून भार येतो हे सांगता येतं. गंमत म्हणजे हे शास्त्रज्ञ आपलं म्हणणं व्यंगचित्रं काढून समजावतात. अमेरिकन वनस्पतितज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती भिंत घालतं आणि पुढे वाढतं, जुनी जखम आत तशीच राहते. तुटलेल्या फांदीभोवती कडेने जे जाड ओठ वळत येतात ते याच वाढीचे. लोकांना खोडावर जो ‘डोळा’ दिसतो तो बहुतेकदा असा गेलेल्या फांदीचा ठसा असतो. तिथे बुबुळ काढलं तर निदान त्याला मागची हकीकत असते. सपाट सालीवर उगाच दोन डोळे बसवणं वेगळं. तसंच ढोलीचं. आपल्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि उतारावरच्या खोडाला आग बहुतेक वेळा चढाच्या बाजूने जास्त लागते, कारण पाला तिथे साचतो आणि ज्वाळा खोडाला वळसा घालून मागे तिथेच उठतात. म्हणून बुंध्याशी काळं पडलेलं तोंड असलेलं झाड दरीकडे पाठ करून डोंगराशी बोलत असतं. हे एकदा कळलं की उभं कुठे राहायचं, चित्राची बाजू कुठली, हे प्रश्न सुटतात.

बांधा चुकीचा वाचला तर चित्र नुसतं कमी पडत नाही, कधीकधी अप्रशस्तही होतं. उतारावरची माती हळूहळू सरकत असली की झाडाचा बुंधा दरीकडे झुकतो आणि शेंडा मात्र उजेडाकडे सरळ जातो. खोडाला खाली बाक येतो. कागदावर हा बाक मोठा लाघवी दिसतो, बसलेलं किंवा मुरडणारं पात्र त्यातून चटकन निघतं. पण 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या दरडीचा आणि कुठल्या एका वाकड्या खोडाचा संबंध जोडायचा माझा हेतू नाही. एवढंच म्हणायचं आहे की खालापूरच्या उतारांवरच्या बाकाला मुरका म्हणून काढताना हात थांबायला हवा. तो बाक पायाखालची जमीन सावरण्याचा आहे, आणि तसा काढला तर त्यात लाघवापेक्षा पुष्कळ जास्त भाव सापडतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा की माणूस चेहरे शोधतोच. ढगात, भिंतीवरच्या ओलीत, गाडीच्या दिव्यांत त्याला डोळे दिसतात, आणि हा गुण मेंदूत फार खोल आहे. मग ज्या साधनाने बघणाऱ्याला हमखास थांबवता येतं ते का टाकायचं? त्यातून ही चित्रं बघितली जातात मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याच्या एका सरकवणीत. उत्तर त्या पडद्यातच आहे. बोटभर चित्रात डोळे, भुवया, ओठ आधी नाहीसे होतात. उरते ती बाह्यरेषा. कार्टूनपटांसाठी पात्रं घडवणारे लोक म्हणूनच पात्र सगळं काळं भरून बघतात आणि आकारावरून ते ओळखू येतं का, कोणत्या मनःस्थितीत आहे ते कळतं का, हे तपासतात. छाटलेला ऐन, मजल्या-मजल्यांची सावर, ओढ्यावर मुळं उघडी पडलेला उंबर, काळे भरले तरी तिघे तीन स्वभावांचे राहतात. नकलेतलं झाड काळं भरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी उरतं. लहान मुलांसाठी चेहरा लागतो हे मात्र मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठी मी तो काढतोही.

चेहऱ्याशिवाय झाडात कोणी असल्याचा भास होत नाही, असं म्हणणाऱ्यांना आपल्याकडचीच जुनी शिल्पं दाखवता येतात. इसवीसनापूर्वीच्या भारहुतच्या स्तूपावर बुद्धाची मूर्ती नाही. जिथे बुद्ध असायला हवा तिथे झाड आहे, त्याच्याखाली आसन आहे, आणि भक्त झाडापुढे वाकलेले आहेत. शिवाय आधीच्या प्रत्येक बुद्धाचं झाड वेगळं, आणि ते पानांवरून ओळखता येईल इतकं नेमकं कोरलेलं: कुणाचा वड, कुणाचा उंबर, कुणाचा साल. चित्रातल्या सगळ्यांत मोठ्या व्यक्तीचा भार त्या कारागिरांनी बिनचेहऱ्याच्या झाडावर टाकला आणि झाडाने तो पेलला. भारहुत लांब पडतं म्हणावं तर कर्जतजवळची कोंडाणे लेणी आहेत. राजमाचीच्या पायथ्याच्या रानातलं तिथलं चैत्यगृह इसवीसनापूर्वीचं, दगडात कोरलेलं तरी लाकडी बांधकामाच्या वळणाचं. दर्शनी भागात यक्षाच्या मानल्या जाणाऱ्या एका भव्य मूर्तीचं मस्तक उरलं आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत, हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केलं, अशा अर्थाची ओळ आहे. यक्ष हे झाडांशी, पाण्याशी, जागेशी जोडलेले जीव. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर दोन हजार वर्षांपूर्वी कर्जत परिसरात एका चित्रकाराने आपलं रानातलं पात्र सहीनिशी लोकांपुढे ठेवलं होतं. (गुरूचं नाव मात्र त्याने आधी घातलं. आजच्या आव्हानांत हे क्वचित दिसतं.)

यावर कोणी म्हणेल की मग तो यक्ष माणसाच्याच चेहऱ्याचा आहे ना. आहे, आणि तिथेच खरा मुद्दा सापडतो. यक्षाला अंग माणसाचं दिलं, झाडाला झाड राहू दिलं. यक्षी फांदी धरून उभी राहते पण फांदीला डोळे येत नाहीत. गावागावांतल्या समजुतींचं व्याकरणही हेच आहे. मुंजा पिंपळावर असतो, हडळ चिंचेवर; ते झाडावर राहतात, झाड ते नसतात. पिंपळ पिंपळासारखाच सळसळतो, आणि भीती वाटते ती त्या सळसळीची. मग झाडालाच पात्र करणं हे बाहेरून आलेलं खूळ ठरतं का? खूळ म्हणायचं कारण नाही, पण नवी प्रथा आहे हे खरं, आणि ती घेताना जुन्या प्रथेचा एक नियम सोबत ठेवावा असं मला वाटतं: झाडाची जात पुसू नये. आणखी एक मर्यादा मी पाळतो. ज्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे किंवा जिथे वाडीचा देव आहे, ते झाड मी झाडजीवासाठी वापरत नाही. तिथे राहणारा आधीच ठरलेला आहे, आणि तो ठरवणारे लोकही आहेत.

दुसरा आक्षेप शास्त्रीय बाजूने येतो. झाडाला भावना नाहीत; मग ऐन चिवट आणि सावर चिडखोर हे म्हणणंही डोळे चिकटवण्याइतकंच खोटं. भाव आपण घालतो हे कबूल. पण आपण घातलेल्या दोन भावांतला फरक तपासता येतो. ऐनाच्या मुठी का झाल्या याला कारण आहे, ते कारण शेतात आणि कागदपत्रांत दोन्हीकडे सापडतं, आणि मी दिलेला भाव त्या कारणाशी जुळतो की नाही हे मी सोडून इतरांनाही सांगता येतं. चिकटवलेल्या चेहऱ्याबाबत असा वादच संभवत नाही. तो कुठल्याही खोडावर बसतो आणि कुठूनही काढता येतो. झाडाला वाटत नसेल, पण झाडावर गुजरतं. चित्राला तेवढं पुरतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो: अहो, ही गंमत आहे, वनस्पतिशास्त्राची परीक्षा नव्हे, दिवसाला एक चित्र काढायचं, त्यात वणव्याची दिशा आणि राबाचा इतिहास कुठे बघत बसायचं? गंमत कमी होते हे मला पटत नाही, कारण ठरावीक झाड पाचव्यांदा काढण्यात गंमत उरत नाही हे प्रत्येक चित्रकाराला आतून माहीत असतं. वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी हे सगळं होत नाही. इथे तर आणखी एक अडचण, की ऑक्टोबरात पानांमुळे झाडाची हाडं दिसतच नाहीत, आणि हवा ओलसर असली तर कागदावर शाई फुटते. म्हणून बघण्याचा हंगाम वेगळा आणि काढण्याचा वेगळा असं करावं लागतं. डिसेंबरपासून होळीपर्यंत वहीत नुसत्या बांध्यांची टिपणं करायची: भार कुठे, तुटलंय कुठे, फुटलंय कुठून, उतार कोणता. शाई नाही, पात्र नाही, पेन्सिल पुरे. मग ऑक्टोबरात यादीतला शब्द आला की वही उघडायची आणि त्या शब्दाला कोणतं झाड उत्तर देतं ते शोधायचं.

यादी ही अर्थात तिकडच्या हवेतून येते. 2019च्या यादीत एका दिवसाचा शब्द बर्फ होता. कर्जतच्या माणसाने त्याचं काय करावं? हिमाच्छादित सूचिपर्णी काढणारे इथलेही पुष्कळ असतात, आणि त्यांची रेघ चांगली असते. माझं उत्तर कांडोळ आहे. खडकाळ उतारावर एकटा उभा असलेला, अंगावरून कागदासारखे पापुद्रे सुटणारा, पांढराफटक. त्याला पांढरूख म्हणतात, भुत्याही म्हणतात. त्याच्या गुळगुळीत सालीला फांदीच्या बेचक्यात काखेसारख्या घड्या पडतात, बुंध्याशी गुडघ्यासारख्या. अख्ख्या रानात माणसाच्या अंगाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं झाड मला माहीत नाही, आणि तरी त्याला नाक-डोळे काढले की ते लगेच खोटं पडतं. कोरा कागद तसाच ठेवायचा, भोवतीचा खडक शाईने भरायचा, आणि घड्या तेवढ्या दाखवायच्या. ऐन उन्हाळ्यात इतकं गार दिसणारं झाड बर्फाच्या शब्दाला द्यायला मला काहीच संकोच वाटत नाही. फक्त ते चित्र मार्चातल्या कांडोळाचं असतं. ऑक्टोबरात त्याला चांगली पानं असतात, आणि हे ज्याच्या लक्षात येईल त्याने खाली तसं लिहावंच.